बिनदाव्याची बोट

वर्धा जिल्ह्यात राहून शिडाची बोट विकत घेणारा माणूस एक तर फार श्रीमंत असावा, नाही तर फार भूगोल शिकलेला. मी दुसऱ्या जातीचा. कनिष्ठ महाविद्यालयात अर्धं आयुष्य मी व्यापारी वारे, मतलई वारे, खारे वारे शिकवले, आणि त्यातला एकही कधी अंगाला लागला नाही. आमच्या पिपरी मेघे गावात वारा म्हणजे कूलरचा. पन्नाशी उलटल्यावर माणसं गुडघे सांभाळतात किंवा देव धरतात. मी मोबाईलवर एक जाहिरात धरली.

नागपूरला एक निवृत्त गृहस्थ आपली छोटी बोट विकत होते. फायबरची, एक डोलकाठी, एक शीड, खाली चाकांची गाडी. मी बाबांना सोबत नेलं, कारण आमच्या घरात जुनी वस्तू त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय येत नाही. बाबांनी जन्मभर बैल पारखले. शेवटची जोडी विकून ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्या जोडीचं दावं तेवढं सोबत आणलं. ते अजून त्यांच्या खाटेजवळ खिळ्याला लटकलेलं आहे.

बाबा बोटीभोवती फिरले. कुशीवर थाप मारली, मागून रेटा दिला, खाली वाकून पाहिलं आणि मालकाला विचारलं, "मारकी नाई ना?"

"नाई जी, गरीब हाय एकदम," मालक म्हणाले. तेही मूळचे शेतकऱ्याच्या घरचे निघाले, आणि मग दोघांचं असं जमलं की मी नुसता खिसा म्हणून उरलो.

व्यवहार झाला. बोट मालवाहू गाडीवर चढली, आणि बाबांनी तिच्या सगळ्या दोऱ्या सोडायला घेतल्या. शीड वर चढवायची, शीड आवळायची, डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीतून ओवलेली, सगळ्या. नीट गुंडाळून त्यांनी त्या मालकाच्या हातात ठेवल्या.

"दावं ठेवा तुमच्यापाशी. दाव्यासंगं लक्ष्मी जाते."

जनावर विकताना दावं देत नसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मालकांच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. त्यांना बोट ठाऊक होती, पण रीतही ठाऊक होती, आणि रीत जिंकली. त्यांनी त्या दोऱ्या कपाळाला लावल्या. आणि मी, वाऱ्यांचा प्राध्यापक, काय करत होतो? गहिवरून फोटो काढत होतो. 'आपली संस्कृती' असं लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

बोट घरी आली आणि अंगणात बसली. बसली म्हणजे सगळंच अंगण घेऊन बसली. कुरड्या आणि सांडग्यांची जागा गेली, तुळशीला वळसा घालायचा तर वल्हं ओलांडावं लागे.

"काऊन जी सर," समोरचे शेजारी गेटवरून म्हणाले, "पूर येऊन राह्यला का? आमाले बी सांगजा."

  दोन दिवसांनी बायकोनं ओल्या चादरी खांद्यावर घेऊन निकाल दिला. "पोळ्याच्या आधी हे पाण्यात चालून दाखवा. नाई चाललं, तर भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे."

आता खरं सांगायचं तर मला ती बोट हवी होती. कशासाठी, ते सांगता आलं नसतं. संध्याकाळी कॉलेजातून आलो की मी तिच्यात जाऊन बसे, समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, आणि मला बरं वाटे. बाबाही येऊन बसत, सुपारी कातरत. दोघं बापलेक अंगणात मुक्कामाला निघाल्यासारखे. ते सुख भंगारात जाणार म्हटल्यावर मी जोमानं व्हिडिओ पाहायला लागलो, आणि पहिल्याच व्हिडिओत कळलं की शिडाची बोट म्हणजे निम्मी दोरीच असते.

"मालकाला फोन लावा ना," बायको म्हणाली.

बाबा कातरता कातरता थांबले. "दावं परत मागते का कोणी, सूनबाई? मंग तं बैलच वापस केल्यासारखं झालं. दोरच पाह्यजे ना? पोळ्याचा बाजार भरून राह्यला."

बाजारातून नवे सुती कासरे आणले. लाल-हिरवे, टोकाला गोंडे. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "जोडी खिल्लारी हाय का गावरानी?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "एकटीच हाय. फायबरची."

पोळ्याच्या दोन दिवस आधी आम्ही बोट गिरडच्या अलीकडे, आमच्या मूळ गावच्या तलावावर नेली. ट्रॅक्टरच्या ट्यूबा फुगवून कमरेला बांधल्या, ही बायकोची अट. ती स्वतः बांधावर छत्री घेऊन उभी राहिली, पंचासारखी. मी सुकाणू धरलं. शीड आवळायचा कासरा बाबांनी घेतला. कासरा दुसऱ्याच्या हातात देणं त्यांच्या स्वभावात नाही.

शीड वर गेलं, गोंडे फडफडले, आणि वारा आला. इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून दाखवलेला वारा. बोट निघाली. मी बांधाकडे विजयी नजर टाकली, तोवर बोट पळायला लागली. समोरच्या काठावर बेशरमाच्या झुडपांचं रान दिसत होतं.

"हो! हो! हो रे!" बाबा ओरडले आणि त्यांनी कासरा खेचला.

आता बैल कासरा खेचला की थांबतो. शिडाची दोरी खेचली की बोट आणखी पळते. बोट पळाली. बाबांनी आणखी खेचला. बोट एका अंगावर कलली, माझ्या मांडीवर पाणी आलं.

"बाबा, सोडा! दोर सोडा!"

"येडा झाला का? सोडलं तं उधळन ना!"

"सोडल्यावरच थांबते ती!"

"मले शिकवू नको! हो! हो!"

बेशरम इतकं जवळ आलं की फुलं मोजता आली असती. तेवढ्यात बाबांची टोपी उडाली. टोपी धरायला त्यांनी दोन्ही हात वर केले, कासरा सुटला, शीड सैल पडून फडफडलं, आणि बोट गरीब गाईसारखी जागच्या जागी उभी राहिली.

बाबांनी टोपी डोक्यावर बसवली. शिडाकडे वर पाहिलं.

"उलटं जनावर हाय," ते म्हणाले. मग जरा आदरानं, "पण हाय तेज."

आम्ही एका वल्ह्यानं वाकडेतिकडे परत आलो. बायको छत्री मिटून बांधावर खाली बसली होती, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, घाबरून रडली. जवळ जाऊन पाहिलं तर तिचे खांदे हसून हलत होते. "मामाजी," तिनं कसंबसं विचारलं, "टोपी भेटली ना?"

परतताना मी माझी बाजू मांडली. "चालली ना पाण्यात?"

"चालली का पळाली?"

"म्हणजे ठेवायची?"

"पाहू," ती म्हणाली. आमच्या घरात यापुढे अपील नसतं.

दुसरा दिवस पोळ्याच्या आदल्याचा. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळून त्यांना जेवायचं आवतन देतात. आमच्याकडे बैल राहिले नाहीत, तरी दरवर्षी बायको देवघरातल्या मातीच्या जोडीला आवतन देते, बाबांसाठी. मी दारातून पाहत होतो. मातीच्या जोडीचं झालं. वाटी तिच्या हातातच होती. चपला घालून ती अंगणात उतरली, बोटीपाशी गेली, उरलेलं लोणी तिनं डोलकाठीच्या बुडाशी चोळलं.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ती म्हणाली. मग वाटी पुसता पुसता, तितक्याच भक्तिभावानं, "अन् उन्हाळ्यात वाळवण घालीन, तवा मुकाट्यानं तिकडे सरकजो."

खाटेवरून बाबा म्हणाले, "सूनबाई, कासरा नको खेचजो मात्र."