आतोबांचा ऑइल फिल्टर

जगातल्या कुठल्याही सरकारने आपल्या तिजोरीचा केला नसेल इतका कडेकोट बंदोबस्त माझ्या आतोबांनी आपल्या गाडीचा केला होता, आणि तोही चोरांपासून नव्हे, मेकॅनिकांपासून. चोर एक वेळ गाडी आहे तशी परत आणून ठेवेल, मेकॅनिक तिचा स्वभाव बिघडवून देतो, असं आत्याच्या या यजमानांचं ठाम मत होतं. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. तिचं एक दार फक्त आतून उघडायचं. ते कुठलं, हे पाहुण्यांना सांगायची त्यांना गरज वाटत नसे. हॉर्न ते कधी वाजवत नसत; 'आपल्याला घाई आहे हे लोकांना कशाला ओरडून सांगायचं?' पालीच्या बाजाराला जाताना प्रत्येक चढाआधी ते गाडी कडेला घेत आणि बॉनेट उघडून ठेवत. काही बिघडलेलं नसे, तिला जरा वारा लागावा एवढाच हेतू. मागच्या ट्रकवाल्याने शिवी हासडली तर हात वर करून त्याला नमस्कार करत. पावसाळ्यात गाडी पडवीत, ताडपत्रीखाली. म्हणजे आठ महिने जपून चालवायची आणि चार महिने जपून चालवायची नाही.

आमच्याकडे पावसाच्या आधी आगोटीची कामं असतात. लाकडं आत घ्यायची, कौलं शेकारायची, मिरच्या-मसाले उन्हं आहेत तोवर उरकायचे. आतोबांच्या आगोटीत गाडीचं ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं हेही होतं. गाडी वर्षभरात देवरूखला दोनदाच जाऊन आलेली असली तरी. त्या दिवशी ते ठेवणीतला भोकाभोकांचा बनियन घालत, पुढची चाकं चिऱ्यांवर चढवत, आणि जुनं ऑइल धरायला स्वयंपाकघरातून गुपचूप एक पातेलं पळवत.

"अहो, ते आमरसाचं आहे!" आत्या आतून ओरडे.

"धुऊन देतो हो."

"गेल्या वर्षी दिलंत ना धुऊन! त्यात अजून घास उतरत नाही कुणाच्या घशाखाली."

मी त्या काळात गावोगाव पत्रकं वाटत हिंडत होतो. गॅरेजवाले जळकं ऑइल पऱ्याच्या वाहत्या पाण्यात ओततात आणि ते खालच्या वाडीच्या विहिरीत झिरपतं, याविरुद्ध आमची मोहीम होती. ती योग्यच होती, आजही माझं तेच म्हणणं आहे. आतोबांनी पत्रक दूर धरून, मग जवळ धरून वाचलं. म्हणाले, "धिक्कार तीनदा आलाय. एकदा पुरे. उरलेल्या जागेत ऑइलचं करायचं काय, ते लिही." ते स्वतः जुनं ऑइल वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासत. तेही शेवटी जमिनीतच जातं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "मग काय तुझ्या पत्रकाला फासू?" असं उत्तर मिळालं. खासगी गाडी ही मुळात चैन आहे, हेही मी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी मला एसटी स्टँडवर सोडायची तयारी दाखवली.

मी सांगतोय ती दोन हजार दोन-तीन सालची आगोट. आतोबांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू होता आणि उजवाही मंदावत चालला होता. मार्चात त्यांनी शेजाऱ्यांच्या दगडी गडग्याला गाडी घासली आणि गडगा पुढे आला असल्याचं जाहीर केलं. मोजणी खात्यातला माणूस, त्यामुळे शेजाऱ्यांनीही एकदा गडग्याकडे निरखून पाहिलं. पण त्यांचा मुंबईचा मुलगा रजेवर आला तो गाडीला देवरूखच्या एका मास्तरांचं गिऱ्हाईक ठरवूनच. आतोबांनी त्याच्यापुढे अट टाकली. "फिल्टर मी एकट्याने बदलीन. एक थेंब गळला नाही तर मला दिसतं असं मानायचं, आणि गाडी राहील. गळला तर मास्तरांना बोलव." मुलगा वाद घालून थकला होता. हो म्हणाला.

मला ही गाडीविक्री मुलाचं फर्मान वाटली होती, म्हणून मी आतोबांच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा राहिलो. "ये पुढारी," ते म्हणाले, "बॅटरीचा उजेड धर. बोलू नको." मी गाडीखाली वाकून पाहिलं तेव्हा त्या अटीतली मेख कळली. फिल्टर म्हणजे दुधाच्या पावडरीच्या लहान डब्याएवढा डबा. तो इंजिनाच्या मागल्या अंगाला, नळ्यांच्या आड असा बसवलेला, की चांगल्या डोळ्यांनाही दिसू नये. तो हातानेच शोधायचा, हातानेच फिरवायचा. आतोबांनी वर आकाशाकडे बघत तो काढला. नव्या डब्याच्या तोंडावरच्या रबरी रिंगेला बोटाने तेल लावलं, डबा हाताने आवळला, वरून ऑइल भरलं. मग जागा फडक्याने कोरडी केली आणि मुलाला म्हणाले, "चालू कर."

इंजिन चालू झालं. आतोबांनी हात खाली घातला, बाहेर काढला, बोटं एकमेकांवर चोळली.

"ओलं आहे," ते म्हणाले.

"मघाचंच असेल, बाबा," मुलगा खिडकीतून घाईने म्हणाला. "पुसायचं राहिलं असेल."

"मी पुसलं होतं."

माझ्याकडेही एक मुद्दा तयार होता. पण त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, फिल्टर पुन्हा उतरवला आणि माझ्याकडून बॅटरी घेतली. उजेडात काही दिसेना, बोटांना मात्र लागली: जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती, काळ्यावर काळी. नवी तिच्यावर बसल्याने तेल झिरपत होतं. एवढ्या वर्षांत ते दर वेळी काढलेल्या फिल्टरला रिंग आहे का, हे डोळ्यांनी बघून खात्री करत आले होते. त्यांनी ती नखाने सोलून काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

"काढलेला फिल्टर बघितला होता मी," ते म्हणाले. "रिंग नाही, हे दिसलं नाही."

मग फिल्टर पुन्हा बसवला. या वेळी इंजिन बराच वेळ चालू ठेवूनही त्यांचा हात कोरडा निघाला. मुलगा खाली उतरला. बापाच्या बनियनकडे बघत म्हणाला, "बाबा, आता गळत नाही. राहू दे ना गाडी. मास्तरांना मी सांगतो काहीतरी."

"गळत नाही म्हणून तर देतोय," आतोबा म्हणाले. "गळकी गाडी कुणाला द्यायची?"

मास्तर आले, चहा प्यायले, कुठलं दार आतून उघडतं ते आतोबांनी त्यांना न विचारता सांगितलं. गाडी उतारावरून खाली गेली आणि पुढचा चढ चढू लागली. आतोबा फाटकाशी मान जरा तिरकी करून उभे होते. "दुसरा गिअर उशिरा टाकला," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता टाकला तिसरा." आत्या पातेलं घासत होती, तिने हात थांबवला. मीही कान देऊन ऐकलं. मला तर केव्हापासूनच काही ऐकू येत नव्हतं.