कुर्दिस्तानातली चानकी

मी चवथी शिकलो. लिहिण्यात चुका राहतील, त्या दुरुस्त करा, पण गोष्ट दुरुस्त करू नका. या पानावर लोक लिहितात, कोणाले विहिरीवर बाई दिसली, कोणाच्या गाडीत कोण येऊन बसलं… मी वाचून हासत होतो. सारी जिंदगी दर्यापूरजवळच्या वावरात वांगे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवली. अंधारात पाणी दिलं. साप पाहिले, रानडुकरं पाहिले, दारू पिऊन धुऱ्यावर पडलेला साळा पाहिला. भूत नाही पाहिलं. आताही मी भूत पाहिलं असं म्हणत नाही. जे पाहिलं ते सांगतो.

माझी बुढी, म्हणजे बायको, जाऊन दोन हिवाळे झाले. ताप आला, अमरावतीले नेली, आणली ती झोपवूनच आणली. आमचा पोरगा विलास इराकमधल्या कुर्दिस्तानात, एरबिल शहरात, एका कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी आहे. तवा तिकडे लढाईचं काहीतरी चालू होतं, विमानं बंद. तो येऊ शकला नाही.

दहाव्याले नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, एकही खाली येईना. मग जे करतात ते सुरू झालं… एकेकानं समोर व्हायचं आणि मेलेल्या माणसाले कबूल करायचं. माझी पोरगी सुनंदा, अमरावतीले राजापेठेत राहते, ती म्हणाली, "माय, बाबाले मी पाहीन वं." माझा भाऊ म्हणाला, "वयनी, विलासचं लगन आमी लावू." शेजारीण म्हणाली, "तुह्या गाईले मी चारा टाकीन." कावळे मान वाकडी करून ऐकत होते, पण जागचे हालले नाहीत. मले तर काही सुचलंच नाही. ऊन चढलं तवा महाराजांनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला.

येताना भाऊ म्हणे, "दादा, मनाले लावून घेऊ नको. पाखरूच ते."

मीही तेच म्हणलो. पण आत काटा राहून गेला. हिचं राहिलं काय? लुगडं नाही मागितलं, सोनं नाही मागितलं, कधी आजारपणाचं नाही बोलली. काय राहिलं?

तवापासून मले एका जागी बसवेना. वावरात गेलो का घरी यावं वाटे, घरी आलो का वावरात. सुनंदाकडे राजापेठेत राहून पाहिलं, तिथं दिवसभर गाड्यांचे हॉर्न आणि ट्युशनच्या पोट्ट्यांची गर्दी… दुसऱ्याच दिवशी दर्यापूरची जीप पकडली. कावळा दिसला का उभा राहायचो. "काय पायजे होतं बाप्पा तिले?" असं मोठ्यानं विचारायचो. लोक म्हणत, बुढा सटकला.

शेवटी विलास म्हणाला, "बाबा, थोडे दिवस इकडे या."

सुनंदा घाबरली. "आवो, तिकडे बंदुका चालतात."

"मंग मी काय बंदुकीसमोर उभा राहाले चाललो? पोराजवळ चाललो."

तिनं जवसाची चटणी, ठेचा आणि काडीवर वळलेल्या शेवयांचे सरगुंडे बांधून दिले. पासपोर्टच्या फोटोत मी चोरासारखा दिसतो, असं तीच म्हणाली.

एरबिलचं काय सांगू. माणसं गोरी, पण वागणं आपल्या वऱ्हाडासारखं. आग्रह म्हणजे आग्रह. बुढे लोक फुगीर प्यांटा घालतात, कमरेले कापड गुंडाळतात आणि दिवसभर चहाच्या दुकानात बसतात. चहा इवल्याशा काचेच्या पेल्यात, खाली बोटभर साखर. काही मागितलं का छातीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "सरचाव." म्हणजे तुमचं म्हणणं माझ्या डोळ्यावर. मी चहाचे पैसे काढले तर एका बुढ्यानं माझा हात असा दाबून धरला, मले वाटलं आता कुस्ती होते. त्याले चवन्नीची मराठी येईना, मले त्याची भाषा येईना, पण चाय, शकर, नान, पियाज, गोश्त… अर्धी भाषा तर दर्यापूरच्या बाजारातलीच. त्यानं मले माझ्या बायकोचं खुणेनं विचारलं. मी बोट वर केलं. त्यानंही बोट वर केलं. आम्ही दोघं चहा प्यायलो.

तरी जीव लागेना. तिकडेही कावळे आहेत. आपल्यापेक्षा मोठे, पाठ-पोट करडं, डोकं काळं. मी त्यायलेही विचारलं.

शुक्रवारी तिकडे सुट्टी. विलाससंग काम करणारा आझाद नावाचा पोरगा आम्हाले त्याच्या गावी घेऊन गेला. डोंगरातलं गाव. चिखलदऱ्याचा घाट समजा, पण झाडं कमी आणि दगड जास्त. आझादच्या आईले सारे 'दाये' म्हणतात, म्हणजे माय. काळे कपडे, तीही विधवा. तिनं विलासचे दोन्ही गाल धरले, मग मले पाहिलं आणि काहीतरी बोलली. सारे हासले.

"काय म्हनते?"

विलास म्हणाला, "म्हनते, बापाले खायाले देत नाईस काय, काठी होऊन राहिली त्याची."

"तिले सांग, काठीच मजबूत राहते."

हे ऐकून तीही हासली. अंगणात चुलीवर लोखंडाचा उलटा तवा ठेवला होता, आपण मांडे करतो ते खापर असतं तसा. त्यावर ती पातळ, लांबरुंद रोट्या टाकत होती. मी बाजूच्या दगडावर बसलो. बुढी गेल्यापासून चुलीजवळ बसलो नव्हतो.

रोट्या झाल्या. परातीले चिकटलेलं पीठ तिनं नखानं खरवडलं, त्याचा इवलासा गोळा केला आणि तळहाताएवढी रोटी थापली. आमच्याकडे याले चानकी म्हणतात. माय लोक लेकरासाठी करतात, यात नवल नाही. पण तिनं मधोमध तीन बोटं दाबली. भाजली, उचलली, काठाचा एक तुकडा स्वतः दातानं तोडला, दोन फुंका मारल्या आणि विलासच्या डाव्या हातात दिली.

विलास डावखुरा आहे. आणि तीन बोटं दाबून, काठ तोडून, फुंकून चानकी देणारी बाई मी जन्मात एकच पाहिली होती.

मी म्हणलो, "हे तू शिकवलं काय तिले?"

विलास मान खाली घालून बसला. "नाई बाबा. मायची शप्पथ."

"मंग यायच्यात असंच करतात काय? इचार तिले."

त्यानं विचारलं. दाये हातातलं काम थांबवून बोलली आणि बोलताना माझ्याकडेच पाहत होती. विलास तुटक तुटक सांगे. "म्हनते, आमच्यात नाई करत. उरलेलं पीठ कोंबड्यायले टाकतो… पयल्यांदा केलं तवा मीच घाबरली, म्हनते. हात माहा होता, पन करून राहिली होती दुसरीच. तवापासून हा आला का हात तसाच चालते."

"पयल्यांदा कवा?"

आझाद उठून बाहेर गेला, शहाणा पोरगा.

"मायच्या दहाव्याले," विलास म्हणाला. "त्या दिवशी मले मेसमध्ये थांबवेना. आझाद इथं घेऊन आला. गावातल्या मानसायनं माह्यासाठी बैठक भरवली, यायच्यात कोनी मेलं का भरवतात तशी. जिले कोनी पायलं नाई, त्या बाईसाठी सारं गाव येऊन बसलं, बाबा. दायेनं ही चानकी देल्ली. मले घास उतरेना, म्हनून त्या भिंतीवर नेऊन ठेवली. मागं वळलो बी नसन, कावळा घेऊन गेला. अख्खी."

"कोन्या टायमाले?"

"सकाळी."

आमचा पिंडही सकाळचाच होता.

"मले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? तुमी तिकडे कावळ्याची वाट पाहून राहिले होते. सुनंदा फोनवर रडत होती, शिवला नाई म्हनून. अन् मी कोन्या तोंडानं सांगू का इथं आला?"

मी त्या भिंतीकडे पाहत राहिलो. साधी दगडाची भिंत, वर टोमॅटो सुकत घातलेले. म्हणजे आम्ही सारे बाभळीकडे तोंड करून कबूल करत होतो, आणि ती तिथं नव्हतीच. पोरगं काय खाते, कोण वाढते, हे पाहाले ती एवढ्या दूर गेली… जिनं नागपूरही धड पाहिलं नव्हतं. मले बरं वाटलं. रागही आला, खोटं काहून बोलू. सारी जिंदगी संग राहिलो आणि जाताना माझ्याकडे नाही आली.

दायेनं माझ्यासमोर चहा ठेवला. विलासनं चानकी मोडली आणि अर्धी मले दिली. गव्हाची होती. आमची ज्वारीची राहायची. एवढाच फरक.

मी परत आलो, त्याले बरेच महिने झाले. मागच्या शुक्रवारी विलासचा फोन आला.

"बाबा, दायेचा हात बंद झाला. तुमी गेले तवापासून चानकी होतच नाई. आता पीठ कोंबड्यायलेच टाकते. मले आधी सांगवलं नाई."

"मंग तुही माय कोठी गेली?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाजवळ असंल तर लिहा. तीन बोटं, काठ, डावा हात हे त्या बाईले कसं समजलं, हेही मले अजून समजलं नाही. पाखरू म्हणून कावळा सोडून देऊ, पण हात कसा सोडू?

आता मी माझी भाकर मीच थापतो, काठाले फाटते. पीठ मळलं का थोडं परातीलेच चिकटू देतो आणि झाकण न घालता चुलीजवळ ठेवून वावरात जातो. सुनंदा आली का विचारते, बाबा हे काहून ठेवता? मी सांगतो, कावळ्यासाठी.

कावळ्यासाठी नाही ते.