अलेप्पीची ओहोटी

आमचा बा होडीत बसायचा बंद झाला ते साल मला नीट आठवत नाही, पण मावशीच्या मुलीचं लग्न आठवतं. मावशी खाडीच्या समोरच्या काठावर, काल्हेरला. आमच्या कोलशेतच्या धक्क्यावरून खणखणीत हाक मारली तर काल्हेरला ऐकू जाईल एवढंच अंतर. सगळी आळी नटूनथटून होडीनं गेली आणि आमचा बा टोपी घालून बसच्या लायनीत उभा. कशेळीच्या पुलावरून वळसा घालून तो पोचला तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. आय सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, "तुमी कोली हाव का कोन हाव?" मांडव हसला. बा नाही हसला.

त्याला कारण होतं. खाडीकाठी कंपन्या आल्या तसं पाणी काळं पडत गेलं. जाळ्यात मासळी कमी आणि फेस जास्त. जी काय मिळायची तिला रॉकेलचा वास. आय ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची, गिऱ्हाईक वाकायचं, हुंगायचं आणि नाक मुरडून पुढे जायचं. शेवटी बानं होडी धक्क्यावर ओढून उलटी घातली आणि एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. होडी सोडली म्हणजे सोडलीच. लग्नाला नाही, जत्रेला नाही, कुणाच्या मयताला नाही.

मला हे बघवायचं नाही, खरंच सांगते. बा घरात होता, पण अर्धाच. ड्युटीवरून आला की खाडीकडे पाठ करून ओट्यावर बसायचा. मी तेव्हा ठाण्यात टेलिफोनच्या ऑफिसात नवी लागलेले, लग्न व्हायचं होतं. शेजारच्या टेबलावर एक मल्याळी मैत्रीण होती. डबा उघडला की तिचं गावपुराण सुरू. अलेप्पी. गावातून कालवे, आपल्याकडे रस्ते असतात तसे. पोरं होडीनं शाळेत, बाया होडीनं बाजारात, आणि होडीत चक्क कंडक्टर. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाला तिथे न्यायचं. चांगलं पाणी, जिकडेतिकडे होड्या. तिथे कुठला बसायचा राहतोय? एकदा बसला की त्याच्या मनातली गाठ सुटेल आणि घरी येऊन उलटी घातलेली होडी सुलटी करेल, अशी माझी गणितं. ऑफिसातून प्रवास-सवलत मिळायची, आईवडिलांना धरून. मी रजा टाकून मोकळी झाले.

केरळची गाडी कल्याणला थांबायची. आयनं सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या एवढ्या घेतलेल्या की वाटावं आम्ही कायमचेच निघालो. गाडीत डबा उघडला तशी मी लाजेनं खिडकीबाहेर बघायला लागले, पण समोरची मल्याळी बाई वासानंच खूश. तिनं हात पुढे करून चटणी मागून घेतली. आय आणि ती, एकीची भाषा दुसरीला कळेना, तरी पुढचे दीड दिवस दोघींची तोंडं बंद नाहीत. बा मात्र वरच्या बाकावर पडून. एर्नाकुलमहून बस धरली आणि खिडकीतून पाणी दिसायला लागलं, तेव्हा तो पहिल्यांदा सरसावून बसला.

आमचं लॉज बोटींच्या धक्क्याजवळच होतं. सामान टाकलं आणि तडक कालव्यावर. बाप रे, काय ते दृश्य! कालव्यावर एकामागून एक पूल, खालून लांबट लाकडी होड्या, नारळ भरलेल्या, केळी भरलेल्या, आणि मोठ्या बोटीत दप्तरं घेतलेली पोरं. बा एका बांधलेल्या होडीशी थांबला. चपला काढल्या. आमच्यात होडीत चपला घालून कुणी चढत नाही. खाली बसून त्यानं होडीच्या नाळेला, पुढच्या निमुळत्या टोकाला, हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. दोरखंड चाचपला, फळ्यांचे सांधे निरखले. "शिवलीय गो ही! खिले नाय मारले, काथ्यानं शिवलीय," असं मला ओरडून सांगितलं. इतक्या वर्षांत बा असा बोललेला नव्हता. मी आयकडे बघितलं. आयच्या डोळ्यात पाणी.

दुपारची एक बोट कालव्यापुढच्या सरोवरापलीकडच्या गावाला जाऊन अंधार पडता पडता परत यायची. मी तिकीट काढायला निघाले तर बा म्हणाला, "थांब पोरी. आज तिथ कनची?"

काल संकष्टी झालेली, आयचा उपास होता. म्हणजे आज पंचमी. बानं डोळे मिटले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या खाडीवरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. पाचाची पाऊणपट पावणेचार. "म्हंजे आता पानी भरनार, आनी आपन परत येताना ओहोटी," बा म्हणाला. "कालव्याच्या तोंडाशी चिखल उघडा पडल. कालोखान अडकून बसाल. उद्या पानी पाऊन तास उशिरा भरल, तवा दुपारी निंगू. चढत्या पान्यावर जाव, भरल्या पान्यावर येव."

आय म्हणाली, "अवो, ही मानसं रोज जातान-येतान, ती अडकतान का?"

"तुला काय कलतं!" बा खेकसला. आणि मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! जुना बा, होडी सोडायच्या आधी आळीवर हुकूम सोडणारा बा, परत आला होता. उद्या तर उद्या. मीच आयला गप्प केलं.

संध्याकाळी ओहोटी बघायला आम्ही परत कालव्यावर गेलो. बा चपला काढून काठावर बसला. पाणी दुपारी ज्या पायरीला लागत होतं त्याच पायरीला लागत होतं. बानं विटेचा तुकडा घेऊन पायरीवर खूण केली. आम्ही केळ्याची भजी खाल्ली, चहा प्यालो, दिवे लागले. खूण होती तिथेच आणि पाणीही होतं तिथेच. एवढ्यात दुपारची ती मोठी बोट शिट्टी वाजवत परत आली, बायाबापड्या खिदळत उतरल्या. गाळ नाही, अडकणं नाही, काही नाही. बा मला म्हणाला, "विचार त्याना, भरती कवा येतं." मी चहावाल्याला मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करून विचारलं. तो भला माणूस हसला आणि त्यानं तळहात आडवा धरून दाखवला. असंच असतं, कायम असंच. पावसात तेवढं चढतं.

बा उठला. चपला घातल्या आणि लॉजच्या दिशेनं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तिथे बंद निघाला. कसला, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, बस नाही, बोट नाही. लॉजवाल्यानं कसाबसा भात खाऊ घातला. मी कपाळाला हात लावून बसले. आयची बडबड सुरू, "म्या बोल्ले व्हते, कालच जावाला पायजे व्हता." बा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी आयला म्हटलं, बाई, आता एक शब्द बोलू नकोस.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी होती, पण सकाळी थोडा वेळ हातात होता. कालव्यातूनच एक चक्कर मारून येणारी बोट मिळाली. मी तिघांची तिकिटं काढली, आयला आत बसवलं आणि मागे वळले तर बा धक्क्यावर, पिशव्यांजवळ.

"चल ना बा."

"सामान कोन बघल?"

"सामान बोटीत घेऊ. चल."

"तुमी जाव."

"अरे बा, तुझ्यासाठी आलोय आपण एवढ्या लांब!"

तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज्या पान्याचा मना काय कलत नाय, त्या पान्यान मी बसाचा नाय." आवाज चढवला नव्हता त्यानं. भांडला असता तर मी ओढून नेला असता.

घंटी वाजली. आय आत एकटी, म्हणून मी चढले. पूल गेले, नारळ गेले, धुणं धुणाऱ्या बाया गेल्या, मला त्यातलं काहीसुद्धा दिसलं नाही. मी मागेच बघत होते. बा पिशव्यांच्या मध्ये उभा, आणि पायात चपला.

वाटलं, घरी गेल्यावर विसरेल. नाही विसरला. आमच्या आळीत भरती विचारायची ती बालाच. होडी सोडल्यावरही लोक ओट्याशी यायचे. तिथीचं गणित पुष्कळांना येतं, पण मुंबईला भरलेलं पाणी वर कोलशेतपर्यंत यायला किती वेळ घेईल, वारा कुठला, वरून पावसाचं पाणी किती आलंय, हे सगळं धरून खरी वेळ बाच सांगायचा. अलेप्पीहून आल्यावर कुणी विचारलं की म्हणायचा, मना काय ठाव. लोकांना थट्टा वाटली. मग लोकही यायचे थांबले. त्याच्यापाशी पाण्यातलं तेवढंच उरलेलं होतं, आणि मी हौसेनं, सुट्टी घेऊन, तिकीट काढून ते घालवून आले. कुठून मला ती दुर्बुद्धी झाली, असं आजही वाटतं.

त्या वर्षीच्या नारळी पुनवेला आयनं विचारलं, "नारल कवा सोडाचा?" बा दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "पेपरान छापतान. बघ."

मी पेपरात बघितलं. वेळ मुंबईची होती. त्या वेळेला आम्ही सगळे वाजतगाजत धक्क्यावर गेलो, सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन. पाणी अजून खूप खाली होतं, कडेचा चिखल तसाच उघडा. ढोल वाजवणारे थोडा वेळ वाजवून थांबले. पोरं कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, अजून किती वेळ, कुणाला ठाऊक आहे का? सगळ्यांनी आमच्या घराकडे बघितलं. बा ओट्यावर बसलेला दिसत होता, पाठमोरा.

त्याला बोलवायला कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. आम्ही नारळ हातात धरून, पाणी येण्याची वाट बघत उभे राहिलो.