दादाच्या बाजूचा पाइप

"ही तिसरी खेप," टर्नरची बायको तळघराच्या शेवटच्या पायरीवर बसून म्हणाली. "भिंतीलासुद्धा कंटाळा आला असेल तुमचा."

"पायरी अडवू नकोस. घमेलं दे."

तिने घमेलं पुढे सरकवलं. टर्नरने फुगलेला गिलावा हातोडीने पाडायला घेतला. आत विटांवर लोणा चढला होता, मिठासारखा पांढरा. बोट लावलं की भुगा. या माणसाचा सगळा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. लोखंडातला केसभर फरक त्याच्या बोटाला कळायचा, म्हणून गल्लीत त्याला सगळे टर्नरच म्हणत. रागावली की बायकोसुद्धा. कुणाला काही विचारायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटे. आजारी पडला तरी काय झालंय ते डॉक्टरला हाच सांगायचा.

घर जुनं, दोघा भावांत मधोमध वाटलेलं. थोरल्याकडे अंगण गेलं, धाकट्याकडे तळघर आलं. वाटणीच्या दिवशी थोरला म्हणाला होता, "खाली ओल येते रे, काही लागलं तर सांग." आणि टर्नर म्हणाला होता, "माझं तळघर मी बघीन." तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. भांडण असं झालंच नव्हतं. बोलणं तेवढं संपलं.

आता ते तळघर लेकीसाठी हवं होतं. दोन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन ती नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा तिने उकाड्यातही लांब बाह्यांचं घातलं होतं. का, ते आईने विचारलं नाही. बाही वर करून पाहिलं. मग दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि ठरलं, की पोरीला राहायला धड खोली असेल तर ती आईकडे, नाहीतर बापाकडे. जावई खोली बघायला येणार होता. वर एकच खोली, तिच्यातच म्हातारा-म्हातारीचं झोपणं आणि तिच्यातच स्वयंपाक.

टर्नरने भेगा खोदून भरल्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, नवा गिलावा केला. मग प्लास्टिकचा एक चौकोन भिंतीवर ठेवून चारी कडांनी चिकटपट्टी लावून टाकली.

"हे काय आता?"

"प्लास्टिकच्या वरून थेंब धरले तर खोलीतली हवा दमट. आतल्या बाजूने धरले तर पाणी भिंतीतून येतंय."

सकाळी दोघं खाली उतरली. बायकोने चौकोनावर नख टेकवलं. "आतून."

"दिसतंय मला."

"दादांच्या बाजूच्या गच्चीच्या पाइपचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतंय. कपडे वाळत घालताना रोज बघते मी, वरचा वळणाचा बाक निसटलाय त्याचा. आपण इथं आतून कितीही लिंपलं तरी पाणी तिकडून येणारच. जाऊन सांगा की एकदा."

"नाही."

"मग मी बोलते जाऊबाईंशी."

"बोलून तर बघ. या घरात जेवणार नाही मी."

"नका जेवू. माझा तेवढाच स्वयंपाक कमी."

पण ती गेली नाही. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली होती. हा खरंच जेवला नसता, हे तिला माहीत होतं.

टर्नरने मग भिंतीपासून चार बोटं सोडून लाकडी पट्ट्या ठोकल्या. पट्ट्यांवर प्लायवूड, प्लायवूडवर फिकट पिवळा रंग. कोपऱ्यात पोरीच्या उंचीचं फडताळ केलं, त्याच्या कडा घासून गोल केल्या. लेक खाली आली आणि बघतच राहिली.

"बाबा, हॉटेलची खोली वाटतेय रे."

टर्नर हसला. तो कुणासमोर कधी हसत नसे, म्हणून पाठ करून हसला.

"वास येतोय का गं?" त्याने विचारलं.

"रंगाचा असेल," लेक म्हणाली.

रंगाचा नव्हता. पाऊस लागून राहिला आणि पोर खोकायला लागली.

जावई आला तो चपला दाराशी काढून, हसतमुखाने. खाली उतरून त्याने प्लायवूडवर टिचक्या मारल्या. "छान केलंय बाबा. स्वतः केलंत?"

"स्वतःच."

"वाटतच नाही तळघर." मग तो उकिडवा बसला आणि त्याने पोरीच्या गादीचा भिंतीकडचा कोपरा उचलला. खालची बाजू काळ्या ठिपक्यांनी भरली होती. प्लायवूडची खालची कड फुगून उकलली होती. लेकीच्या कडेवरची पोर खोकली.

"कधीपासून खोकतेय ही?"

जावयाने गादी होती तशी नीट ठेवली.

"मग ठरलंय तसं करू या," तो म्हणाला.

लेक फडताळातले कपडे काढू लागली. पोरीचे काढले, मग स्वतःचे.

"तुझे कशाला? ठरलंय ते पोरीचं," टर्नर म्हणाला.

"बाबा, झोपताना ती माझा कान धरते. तिकडे कुणाचा धरेल?"

"तो पुन्हा तुला..."

"माहितीये." तिने पिशवीची चेन ओढली. जिना चढताना ती थांबली. "खोली खरंच छान झाली होती."

रिक्षा वळेपर्यंत बायको दारात उभी राहिली. टर्नर मात्र शेजारचं फाटक उघडून अंगणात शिरला. थोरला व्हरांड्यात टेबलफॅन उघडून बसला होता. त्याने मान वर केली.

"आलास?"

"तुझा पाइप निसटलाय. शिडी आहे का?"

थोरला शिडी घेऊन आला. पाइपचा बाक गटाराच्या बाजूला फिरवून टर्नरने दोनदा तळहाताने ठोकला. बसला. स्क्रूसुद्धा लागला नाही.

"एवढंच होतं?" खालून थोरला म्हणाला. "अरे, तुझ्या तळघरात काय चाललंय ते मला कसं कळणार? एक हाक मारायचीस."

टर्नर पाइपला धरून उभा होता.

"तुझ्या नातीचा खोकला यायचा ऐकू. मघापासून नाही आला. उतार पडला वाटतं?"

"शिडी नीट धर, दादा," टर्नर म्हणाला. बराच वेळ तो खाली उतरला नाही.