आबांचा हात चुकला नव्हता

मंडळी, आज सकाळी मी फार वाईट वागलो.

आमच्या जुन्या जीपला मी कामशेतच्या गॅरेजमध्ये दुसरं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून घेतला. आधी जिथं पहिला गिअर पडायचा, तिथं आता रिव्हर्स पडतो. वडिलांना, म्हणजे आबांना, हे सांगायचंच विसरलो.

आबा शेतावर निघाले. सवयीनं गिअर टाकला आणि जीप मागं जाऊन गोठ्याच्या भिंतीवर आदळली. शेजारी धावले.

"माजाच हात चुकला," आबा सगळ्यांना म्हणाले. "वय झालं आता." मग माझ्याकडं वळले, "चावी तूच ठेव बाबा."

गिअर बदललेत हे मी तेव्हाही सांगितलं नाही. चावी घेतलीसुद्धा!

आबा शेतावर चालत गेले. तुम्हाला सगळं लिहून सांगितलं, मग त्यांच्या मागं जाऊन हेच सांगायला पाय का उचलत नाहीये?