पाहुण्याला कुंकू

आमच्या ह्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, त्याच्या महिनाभर आधीच त्यांनी तो म्हातारा कोळी मागवून ठेवला होता. रेझिनचा पुतळा, छातीपर्यंतचा, वीतभर उंचीचा. डोक्याला लोकरी टोपी, भरघोस दाढी, कपाळावर ह्या एवढाल्या सुरकुत्या. सात तुकड्यांत आला होता. खोकं मीच उघडलं आणि म्हटलं, "हा कोण पाहुणा आणलात घरात?" तेव्हापासून तो पाहुणाच झाला.

हे अंबडला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. आयुष्यभर गाड्यांचे सांगाडे रंगवले आणि रिटायर झाल्यावर घरी बसून असले पुतळे रंगवायला लागले. लोकांचे नवरे रिटायर झाले की सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातात, आमच्याकडे रंग फवारायचा कंप्रेसर आला. गॅलरीतल्या माझ्या कुंड्या हलल्या आणि तिथे टेबल लागलं. शोकेसमध्ये आता अकरा जण आहेत, आणि अकराही जण तुमच्याकडे बघतात. ह्यांचं म्हणणं एकच, कपडे चुकले तरी चालतं, डोळे चुकले की माणूस मेला. डोळे काढायचे तर दोन-तीन केसांचा ब्रश, श्वास रोखायचा आणि एका टेकवण्यात काम संपवायचं. त्या वेळी मला कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. नसते लाड.

डॉक्टरांनी सांगितलं, कंप वाढेल, पण हळूहळू वाढेल. गोळ्या चालू झाल्या. घरी आल्यावर ह्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, सरळ म्हणाले, "पाहुण्याचे डोळे मी काढणार. मग बघू पुढचं. पण तोपर्यंतचं सगळं तू करायचं. घासाघाशीत मला हात दमवायचा नाहीये."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होतीस ना? कानस, पॉलिश पेपर, भिंग. आणखी काय लागतं?"

ते खरंच होतं. मी स्विच बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला होते. हातात तुकडा आला की बोट आपोआप कडेवरून फिरतं, ती सवय अजून गेलेली नाही. पण हे समोर खुर्ची टाकून बसले आणि सूचना द्यायला लागले तेव्हा मला आमचा जुना सुपरवायझर बरा वाटला.

रेझिन साच्यात ओततात तिथे एक जाड ठोकळा राहतो. तो बारीक करवतीने कापायचा. मग कडा घासायच्या, आणि त्या पाण्यात बुडवूनच, कारण ती भुकटी छातीत गेली की वाईट. तोंडाला मास्क. टोपीचा काठ वाकडा आला होता, तो गरम पाण्यात धरून सरळ केला. दाढीत हवेचे बुडबुडे राहून टाचणीएवढी भोकं पडली होती, त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मान आणि खांदे नुसते चिकटवून भागत नाही, दोन्हीकडे भोकं पाडून आत पितळी तार घालावी लागते. पहिलं भोक मी तिरकं पाडलं. "राहू दे, त्याच्या गळ्यातल्या स्कार्फखाली जाईल," हे म्हणाले. मी ऐकलं नाही, बुजवलं आणि परत पाडलं. मी कुणाचा तिरका तुकडा कधी पास केलेला नाही.

शेवटी अंघोळ. साच्यातून सुटायला तुकड्यांना तेलकट काहीतरी लावलेलं असतं, ते राहिलं की रंगाखालचा प्रायमर धरत नाही. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात सगळं भिजवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, स्वच्छ पाण्यातून काढलं आणि फडक्यावर वाळत घातलं. वाळल्यावर हातमोजे घालून सगळे तुकडे जोडले. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, बोटांचंही तेल लागतं. हे ह्यांनी मला तीनदा बजावलं. तीनदा मी "हो हो" म्हटलं.

आता दसरा दोन दिवसांवर आला होता. प्रायमर दसऱ्याच्या मुहूर्तावर मारायचा असं ठरलं. खंडेनवमीला कंपनीत आमची मोठी धांदल असायची. मशीन धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. माझ्या भिंगालासुद्धा मी कुंकू लावायचे. रिटायर झाल्यावर घरी शिलाई मशीन, मिक्सर, ह्यांचा कंप्रेसर असं सगळं पुजते. त्या वर्षी तर अवजारं माझीच होती. पाट मांडला. करवत, कानशी, हँड ड्रिल, एअरब्रश. आणि शेजारी फडक्यावर पाहुणा, डोकं वर करून बसलेला.

सगळ्यांना कुंकू आणि समोर बसलेल्या पाहुण्याला नाही, हे मला बरं दिसेना. कपाळ तर चांगलं मोठं होतं. ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि लावला टिळा. छान दिसला हो! अक्षताही टाकल्या. हे तेव्हा आत पडले होते.

दसऱ्याच्या सकाळी ओल्या फडक्याने टिळा पुसला. एका सुरकुतीत जराशी गुलाबी छटा राहिली. पुन्हा साबणात घालायला हवं होतं, मला कळत होतं. पण हे आंघोळ करून, नवा शर्ट घालून टेबलापाशी येऊन बसले होते. म्हटलं, प्रायमरखाली जाईल. बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. डाग बघून पास केला.

फवारणीही मीच केली. "लांबून धर, वीतभर. आडवा हात ने आणि थांबू नको," हे सांगत होते. मी जरा जोरात दाबलं तर ओरडले, "अगं, निफाडची द्राक्षबाग आहे का ती? फवारतेस काय!" ह्यांचं गाव, म्हणजे माझं सासर, निफाडकडचं आहे, फवारणीवरून मला बोलायचा हक्क ह्यांना जन्मजात आहे. पहिला हात राखाडी. राखाडीत सगळे दोष दिसतात, पण एकही दिसला नाही. मग चेहऱ्यावर पांढरा, पातळ, दोनदा. ह्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याहून चांगलं केलंस." लग्नाला इतकी वर्षं झाली, असं काही मी ऐकलं नव्हतं. दुपारी श्रीखंड गोडच लागलं नाही, इतकी मी आधीच खूष होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याच्या कपाळावर गुलाबी टिकली उगवलेली होती.

मी चहा घेऊन गॅलरीत गेले तेव्हा हे पुतळा हातात घेऊन बसले होते. रागावलेले नव्हते, तेच वाईट. म्हणाले, "लाल रंगाच्या बाटलीला मी हात लावला का गं काल? मला आठवत नाही. हात हलला असेल आणि उडाला असेल. मला कळलंसुद्धा नाही बघ." आणि आपल्या हाताकडे बघत बसले.

मी कप ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. हे मी लपवून ठेवणार नाही, मी गेले. भेंडी चिरली. भेंडी चिरताना स्वतःची इतकी लाज वाटली की अर्धी तशीच टाकून परत आले आणि सांगितलं, "अहो, ते कुंकू आहे. खंडेनवमीला मी लावलं. नीट धुतलं नाही."

ह्यांना आधी कळेचना. मग कळलं. "पाहुण्याला? कुंकू? त्या कोळ्याला?" आणि हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र खरे चिडले. "अगं, पेंट शॉपमधलं शेंबडं पोर सांगेल, लाल खाली राहिला की वर येतो! प्रायमरच्या थिनरमध्ये तो विरघळतो आणि सुकताना वर चढतो. वर कितीही पांढरा मार. इन्स्पेक्शनला होती म्हणे!" माझ्या गुन्ह्याला ती शिक्षा कमीच होती.

चेहऱ्यावरचा सगळा प्रायमर उतरवावा लागला. सुरकुत्यांतून टूथपिकला कापूस गुंडाळून एकेक रेघ साफ केली. पुन्हा घासलं, पुन्हा साबण, पुन्हा वाळवण. मग डाग दाबणारा एक हात, तो पूर्ण सुकू दिला, मग राखाडी, मग पांढरा. आठ दिवस गेले. रोज सकाळी मी आधी कपाळ बघायचे आणि मग देवाला नमस्कार करायचे. डाग पुन्हा आला नाही. अंगाचा आणि कपड्यांचा रंगही ह्यांनी मोठ्या ब्रशने लावला, तिथे कंप चालून गेला.

मग डोळे. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने हात जरा शांत असतो, ती वेळ धरली. मनगटाखाली पुस्तकांची थप्पी, कोपर टेबलाला दाबलेलं. मी गॅस बंद करून दाराशी उभी राहिले. डावा डोळा झाला. खरंच झाला, पहिल्या टेकवण्यात. हे लहान मुलासारखे माझ्याकडे बघून हसले.

उजवा झाला नाही. बुबुळ गालावर उतरलं. पुसलं. परत केलं, पापणीवर गेलं. पुसलं. चौथ्या वेळी पुसता पुसता प्रायमरच निघाला आणि खालचं रेझिन दिसायला लागलं. ह्यांनी ब्रश थिनरमध्ये धुतला, केस नीट जुळवले आणि बाटलीचं झाकण लावलं. "नाही जमत आता."

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. ते आठ दिवस फुकट गेले नसते तर दोन्ही झाले असते."

"वेडी आहेस का? हात काय आठ दिवसांत जातो?" हे म्हणाले. "श्रावणातच गेलाय. तू झोपलीस की कागदावर डोळे काढून बघायचो. तुला सांगितलं नाही एवढंच."

त्यांनी मला उजवा डोळा काढायला सांगितलं. मी नाही म्हटलं. बाकीचा चेहरा झाकून तिथे फक्त प्रायमर मारला, बारीक, वीतभर लांबून, आणि पाहुणा एका डोळ्याने बघत शोकेसमध्ये बाराव्या जागेवर बसला.

चार दिवस हे टेबलाकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "पुढचा मागवू या. घासणं, प्रायमर तुझं, कपडे माझे. फक्त डोळे मिटलेला शोध."

भांडी तशीच ठेवून मी मोबाइल घेऊन त्यांच्या शेजारी बसले. झोपलेल्या माणसांचे पुतळे फार कमी जण करतात.