बाईंचा कढीपत्ता

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाईंचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. त्यासाठी वडिलांना समजवायला बाई तीनदा आमच्या घरी येऊन गेल्या होत्या.

मुळांचा धडा त्यांनी वर्गात शिकवलाच नाही. शाळेच्या कुंपणाशी नेलं आणि म्हणाल्या, "उपटायचं नाही. सोडवून घ्यायचं." आम्ही माती भिजवली, बोटांनी मोकळी केली, रोपं बादलीत धुतली. तांदुळज्याचं सोटमूळ, गवताची तंतुमुळं, टोकावरची टोपी, तिच्या जरा मागे केसांहून बारीक मूलरोम. मग दोन डब्यांत मटकी पेरली, एकाला खाली भोक पाडलं, दुसऱ्याला नाही. आठवड्याने बिनभोकाच्या डब्याला घाण वास सुटला. बाईंनी तो डबा प्रत्येकाच्या नाकाशी धरला. "मुळांनाही श्वास लागतो. ही गुदमरून मेली."

तोच वास मला पुढे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आला, एका दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. आमच्या ओळखीतल्या एका रिटायर्ड इंजिनिअर काकांकडे माणसाच्या उंचीचा कढीपत्ता होता. कुंडी हिवाळ्यात लिव्हिंग रूममध्ये असायची. सगळे पानं त्यांच्याकडूनच नेत. कुंडीखालची ताटली पाण्याने भरलेली पाहून मी म्हणालो, "काका, थंडीत पाणी कमी करा. मुळं गुदमरतायत."

"गुदमरतायत?" काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "मुळांना नाक असतं का रे? कुणी शिकवलं?"

"शाळेत. आमच्या बाईंनी."

"कुठली शाळा?"

मी सांगितलं.

"झेडपी! अरे यार, त्या बाईंना तरी सायन्स येत होतं का? जनगणना आणि खिचडी, यातून वेळ उरला तर शिकवणार!"

सगळे हसले. मीही हसलो. मला झोंबतं ते माझं हसणं.

घरी जाताना गाडीतच ठरवलं, या माणसाला झाडाबद्दल पुन्हा एक अक्षर सांगायचं नाही. जानेवारीत पानं पिवळी पडून गळू लागली. काका पाणी वाढवत गेले. काकूंचा फोन आला, "अरे, तू लॅबमध्ये मुळांचंच बघतोस ना? येऊन बघ की जरा. माझा जीव आहे त्या झाडात."

"थंडीमुळे असेल, काकू," मी म्हणालो. मला ठाऊक होतं कशामुळे ते. फोन ठेवून मी निवांत जेवलो.

मार्चमध्ये कुंडी त्यांच्या गराजबाहेर दिसली. "झाड मेलंय. कुंडी हवी तर ने," काका म्हणाले.

घरी टबमध्ये ठेवून मी माती भिजवली आणि बोटांनी सोडवत गेलो. काळी मुळं ओल्या सुतळीसारखी हातात येत होती, वास तोच. पण कडेला, जिथे थोडी हवा पोचत होती, तिथे बोटाएवढं एक मूळ निघालं. नखाने खरवडलं तर आतून पांढरं, ओलं. कढीपत्ता मुळातून फुटवे काढतो. ते मूळ रेताड मातीत आडवं पुरलं. मे महिन्यात लालसर कोंब वर आला.

तीन उन्हाळ्यांनी मी रोपं वाटायला लागलो. प्रत्येकावर चिठ्ठी: बाईंचा कढीपत्ता. लोक विचारत, कुठल्या बाई? मी दिवाळीची सगळी गोष्ट सांगे, काकांच्या वाक्यासकट, एक शब्दही न गाळता. आता इथे कुणाकडे फोडणीला पानं नसली की शेजारणीला फोन जातो, "बाईंचा कढीपत्ता आहे का गं?"

गेल्या महिन्यात काका दारात आले. काकू गाडीत बसून होत्या.

"एक रोप दे."

"कशाचं, काका?"

"कढीपत्त्याचं."

"कुठल्या?"

त्यांनी एकदा वळून गाडीकडे पाहिलं. "बाईंच्या."

"आणि थंडीत पाणी?"

"कमी."

"का?"

"मुळं गुदमरतात," काका म्हणाले. "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणालो आणि सगळ्यांत लहान रोप दिलं.

त्याच दिवशी बाईंना पत्र टाकलं.

आदरणीय बाई,

सा. न. सोबत चिठ्ठी लावलेल्या एका रोपाचा फोटो आहे. या गावातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत आता तुमच्या नावाचं झाड आहे. ते कसं आलं, ते सोबतच्या वेगळ्या कागदावर सविस्तर लिहिलं आहे. तुम्ही इथे असता, तर जानेवारीतच जाऊन ती ताटली उपडी केली असतीत. मी केली नाही. काकूंना रोज पानं गळताना बघावी लागली, त्याचं मला वाईट वाटतं. काकांचं वाटत नाही. चिठ्ठीवरचं अक्षर वळणदार नाही, त्याबद्दल माफी मागतो. बाकी कशाबद्दल मागत नाही.

तुमचा विद्यार्थी